झोपाळ्याखालची बरणी

जुनी वस्तू कुणी भेट देतं का? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच.

माझ्या मुलीनं आपलं लग्न आपणच जमवलं होतं, पण ‘आई हो म्हणाली तरच’ असं सांगून सगळं ओझं माझ्या डोक्यावर टाकलं होतं. मुलगा कळंबच्या एका रिसॉर्टमध्ये मॅनेजर, घर शेलूला नव्या इमारतीत. तो आईला घेऊन आमच्या कर्जतच्या घरी आला. पोहे झाले, चहा झाला, आणि त्याच्या आईनं पिशवीतून एक बरणी काढून टीपॉयवर ठेवली. झाडाच्या ओंडक्यासारखी. अंगावर साल, गाठी, झाकणावर कापलेल्या खोडाची वर्तुळं आणि धरायला फांदीचं टोक.

“ताई, फ्रान्सची हाय. जुनी. सगळी हातानं रंगवलेली. याच्या मालकीणबाईंनी दिली, आमी म्हटलं, पहिल्यांदा जातोय तर रिकाम्या हातानं नको.”

मी चष्मा लावला. सालीवर बारीक बारीक भोकं! अगं बाई, किडकं लाकूड रंगवून माझ्या घरात आणलं की हिनं! आमच्याकडचा पावसाळा म्हणजे भुंग्याचं माहेर. एका किडक्या पाटापायी शेजाऱ्यांचं सगळं फर्निचर गेलेलं मी पाहिलंय.

तोंडावर काय बोलणार? त्या बसल्या होत्या त्याच झोपाळ्यावर थाप मारून मी म्हणाले, “आमच्याकडे सगळं अस्सल हं. हा माझ्या वडिलांनी लग्नात दिलेला. सागवान. सागाला भुंगा लागत नाही.”

त्यांनी फळीच्या कडेवरून हात फिरवला. “आमच्याकडं असलं काय नाय बाई,” म्हणाल्या. इतकं साधं बोलल्या की मला तेही नाटकच वाटलं.

ते गेल्यावर मी हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून बरणी उचलली. चांगली जड होती. शिसवी असणार, म्हटलं. किडीची परीक्षा आमच्याकडे एकच. वस्तूखाली पांढरा कागद घालायचा आणि वाट बघायची. कीड जिवंत असेल तर पिठासारखा भुसा पडतो. बरणी कपाटाजवळ न्यायची माझी छाती नव्हती, म्हणून कागद घालून फरशीवर ठेवली, पायात येऊ नये म्हणून झोपाळ्याखाली. आणि पहारा द्यायला मी वर बसून वाल सोलत राहिले.

सकाळी कागदावर पिवळा भुसा! मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू.

“बघ,” मी मुलीला हाक मारली. “दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. जी माणसं कीड रंगवून भेट देतात, त्यांच्या घरात तुला द्यायची नाही मला.”

मला वाटलं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. नुसतं “बरं” म्हणाली आणि बरणी परत द्यायला म्हणून खाली वाकली. तिनं ती हिसक्यानं उचलली. झाकण निसटलं आणि फरशीवर टण्णकन वाजलं. कडेचा टवका उडाला, आत पांढरंशुभ्र.

“आई,” ती म्हणाली, “ही चिनीमाती आहे गं.”

मी भोकांवर नख फिरवलं. गुळगुळीत. एकेक भोक कुणीतरी ब्रशनं काढलेलं.

मग भुसा कुठला?

दोघींनी कड्या सोडवून फळी उलटी केली. खालून चाळण झाली होती. कडीनं घासून पॉलिश गेलं होतं तिथे लाकूड फिकट, मऊ. साग कसला, आंबा होता! वरच्या त्या सागाच्या रेषा, ज्यांवर मी आयुष्यभर मिरवले, त्या रंगाच्या होत्या.

आधी रागच आला. मग आठवलं. वडील खालापूरला मास्तर. सासरच्यांनी बोलणीत सागवानी झोपाळा मागितला होता. दर दिवाळीआधी वडील डबा आणि ब्रश घेऊन यायचे. “वास डोक्यात जातो, तुम्ही आत जा,” म्हणून दार लोटून घ्यायचे. जावयानं सुतार बोलवायचं म्हटलं तर ऐकायचे नाहीत. मी सासूबाईंना ऐकवायची, बघा, माझ्या बाबांना किती हौस! हौस कसली, म्हाताऱ्या गुडघ्यांवर बसून ते माझी लाज राखत होते. ते गेल्यापासून फळीला कुणी हात लावला नव्हता. मी तिथेच फरशीवर बसून ढसाढसा रडले.

मग फोन मीच लावला. मुलाच्या आईला म्हटलं, “रविवारी या. तारीख काढू. आणि एक सांगायचं राहिलं. आमचा झोपाळा सागाचा नाही हो, आंब्याचा आहे. किडलाय.”



“म्हाईत हाय ताई,” म्हणाल्या. “घरी येऊन बघते तर साडीला भुसा. पण तुमी बापाचं नाव घेऊन सांगत व्हता. मग मी काय बोलणार?”