सागाच्या पानावरचं साक्षगंध

माझ्या मुलीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, व्याह्यांकडच्या एकाही माणसानं प्लास्टिकला हात लावला नाही. त्या हातांनी कशालाच शिवायची सोय उरली नव्हती!

मी पोंभुर्ण्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. (हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला मोकळेपणी हसता येईल.) घरात प्लास्टिकची पिशवी आली, की मी ती आणणाऱ्यासकट बाहेर काढते. आमचे हे दही आणायलासुद्धा डबा घेऊन जातात, आणि डबा विसरले तर दह्याशिवाय परत येतात. तेव्हा स्नेहाचं साक्षगंध ठरल्याबरोबर मी जाहीर केलं, "थर्माकोल नाही, प्लास्टिक नाही. पळसाच्या पत्रावळी!"

"अवो, स्वयंपाकवाला स्टीलचे ताटं देते ना," हे म्हणाले.

"ती धुवायला किती साबण लागतो, किती पाणी लागतं, ठाऊक आहे?"

"म्हणजे आता पाहुण्याइले जेवू घालाचं का नाई, तेवढं सांग!"

पत्रावळी आल्या. दीडशे. वाळून अगदी पापडासारख्या झालेल्या. साक्षगंधाच्या सकाळी मी त्या अंगणात रांगेनं मांडल्या, नरम पडाव्यात म्हणून पाणी शिंपडलं आणि अंघोळीला गेले. बाहेर येऊन पाहते तर शेजारच्या फरीदाबींच्या सहा बकऱ्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचलेल्या! शिवणीच्या काड्या तेवढ्या त्यांनी थुंकून ठेवल्या होत्या.

"फरीदाबी! तुमच्या बकऱ्यांनी माझ्या पत्रावळी खाल्ल्या!"

फरीदाबींनी कुंपणावरून शांतपणे पाहिलं. "तुमीच तं पाणी मारून, रांगेनं मांडून ठेवल्या, बाई. त्याइले वाटलं पंगत हाय."

पाहुणे यायला दोन तास होते. ह्यांनी गुपचूप पायात चप्पल सरकवली.

"कुठे निघालात?"

"बाजारातून ताटं आणतो."

"कसली ताटं?"

"...थर्माकोलची."

"आणा! आणि विहीणबाईंशेजारी माझ्या जागी त्यातलंच एक ताट बसवा!"

ह्यांनी चप्पल काढली. मग मला आमच्या शेताच्या धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, साग आठवले. मृग लागून गेलेला, झाडांना ही एवढाली नवी पानं! आम्ही दोघं धावतपळत गेलो. हे खालची जून, जाड पानं तोडायला लागले.

"ती नको," मी ओरडले. "किती खरखरीत! शेंड्याची कोवळी तोडा. पाहुणे आहेत, म्हशी नाहीत."

"कोवळी? काऊन पण..."

"विज्ञान कोण शिकवतं?"

हे गप्प बसले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली; एवढ्या एका दिवशी त्यांनी गप्प बसायला नको होतं.

पानं धुतली, पुसली, पंगत बसली. भात, गरम वरण, आलू-वांग्याची भाजी. सगळे वाहवा करत होते. मी पदर खोचून पर्यावरणावर दोन शब्द बोलणार, इतक्यात विहीणबाईंनी विचारलं, "वरण लाल काऊन दिसून राह्यलं जी?"

"टमाटर जास्त पडला असंन," हे म्हणाले.

मग भात गुलाबी झाला. मग बोटं लाल झाली. मग विहीणबाईंनी ओठ पुसले, आणि लालपणा कानापर्यंत गेला. तेव्हा मला आठवलं. सागाचं कोवळं पान चुरगाळलं की रक्तासारखा रंग सुटतो! दरवर्षी पाचवीच्या वर्गात मी स्वतः करून दाखवते!

तेवढ्यात जावयाच्या मोठ्या काकांचं पान भाराने फाटलं आणि त्यांच्या कोऱ्या पांढऱ्या कुर्त्यावर रुपयाएवढा डाग पडला.

"थांबा, थांबा, पुसते!" म्हणत मी धावले आणि छातीवर हात फिरवला. दीडशे कोवळी पानं पुसलेला आणि धावपळीत मी पाहिलाही नसलेला हात! पाचही बोटं उठली.

काका उठून उभे राहिले. "हे सोयरीक हाय का मजाक? चला रे, उठा सगळे!"

स्नेहाच्या डोळ्यांत पाणी आलं. हे माझ्याकडे असे बघत होते, जणू बाजारातली थर्माकोलची ताटं त्यांना अजून हाक मारताहेत.

अचानक कोणीतरी खदाखदा हसलं. जावयाची आजी! तिनं पानाचा तुकडा हातात घेतला, चुरगाळला आणि स्नेहाचा तळवा ओढून त्यावर चोळला. "आमच्या टायमाले हेच मेंदी होती. पोरीचे हात कोरेच ठेवले होते तुमी! बस रे तू खाली. कुर्ता काही नवरदेवाचा नाई."

काका बसले. हसू पसरत पसरत सगळ्या पंगतीत गेलं, एक काका सोडून.

तो कुर्ता मी मागून घेतला आणि चार वेळा धुतला. (दीडशे स्टीलची ताटं निघाली असती एवढा साबण गेला. हे मोजत होते.) डाग फिका झाला, बोटं जशीच्या तशी! परत देताना मी सवयीनं बोलून गेले, "टाकून नका देऊ हो, पिशवी शिवा."

लग्नात काकांनी माझ्या हातात एक पुडकं ठेवलं. आत पिशवी. समोरच्या बाजूला, बरोबर मधोमध, माझा लाल पंजा!

"वाया नाई जाऊ देलं, ताई," ते पहिल्यांदाच हसून म्हणाले.

आता ती पिशवी मीच वापरली नाही, तर प्लास्टिक सोडा म्हणून सांगू कोणाला? दर आठवडी बाजारात घेऊन जाते. परवा एका नव्या भाजीवालीनं पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि न मागता सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, दोन जुड्या वर टाकल्या.

"न्या बाई, न्या. फक्त माह्यावर हात नका उचलू."