शिक्क्यावरची फुंकर

भंडाऱ्याच्या आरोग्य कार्यालयात परदेशी जाणाऱ्यांना कॉलऱ्याची लस टोचणारे एक कंपाउंडर होते. दाखल्याच्या पिवळ्या पुस्तिकेवर शिक्का मारला की ते त्यावर तीनदा फुंकर घालत आणि बजावत, "भाऊ, याच्याबिगर मुंबईच्या इमान अड्ड्यावरूनच वापस. जपून ठेवजा."

मी ती इतकी जपली की मस्कतच्या नोकरीवर निघायच्या दिवशी पासपोर्टशेजारी पाटावर मांडून तिची पूजा केली. ओलं कुंकू नेमकं शिक्क्यावर सांडलं. सही, तारीख, सगळं लाल. त्यात रविवार, कार्यालय बंद. नोकरी गेलीच, असं म्हणत मी कंपाउंडरांच्या घरी धावलो.

"कोनं केला हा अभिषेक?"

"मीच."

"देव सोडून कागदाले काहून भिजवून राहिले, भाऊ?"

जेवणाचं ताट सरकवून ते उठले. कार्यालय उघडून, रजिस्टर पाहून त्यांनी नवी पुस्तिका लिहिली, मला सायकलवर मागे बसवून डॉक्टरांच्या घरून सही आणली. बस सुटता सुटता शिक्क्यावर तीनदा फुंकर घालून पुस्तिका खिडकीतून आत दिली.

दर दसऱ्याला मी अजूनही पासपोर्ट पुजतो. कुंकू मात्र कोरडं, आणि पहिलं फूल त्या कंपाउंडरांच्या नावाचं.