मोहाखालची बुरशी

आत्याच्या मोहाच्या झाडाखाली पाल्यात दबलेली प्लास्टिकची जुनी पन्नी मी उचलली आणि अशी किंचाळले, की आत्या काठी घेऊनच धावली. तिला वाटलं, साप!

"साप नाई वो आत्या, बुरशी!"

पन्नीवर पांढरे तंतू पसरले होते, आणि जिथे तंतू दाट, तिथे बोट लावलं की भुगा. सावलीत दबलेली होती, त्यामुळे उन्हानं विरली म्हणायचीही सोय नव्हती. अरे देवा, मी तर तिथेच नाचले! चंद्रपूरला आमच्या कॉलेजात मी दोन वर्षं प्लास्टिक खाणारी बुरशी शोधत होते. गावोगावची माती आणून पाहिली, पण त्यातल्या एकाही बुरशीनं प्लास्टिकला तोंड लावलं नाही. या उन्हाळ्यात काही सापडलं नाही तर काम बंद, असं सरांनी सांगून टाकलं होतं.

घाईत माती भरली ती कशात, तर आत्याच्या लोणच्याच्या बरणीत. धुतलेली होती म्हणे! राहिलेल्या मिठानं चंद्रपूरला पोचेपर्यंत बुरशी पार मेली. शिकलेली बाई मी, स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

पुन्हा माती आणावी, तर मोहाचे दिवस तोंडावर आलेले. आत्याच्या कुरखेड्याकडे मोहाची फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे साफ जमिनीवरून वेचायला सोपं जातं. पाला जळला की माझी बुरशीही गेली. फोन लावते, तर आत्याच्या गावात रेंज नाही. सकाळची पहिली बस धरली. उतरून पाहते, तर झाडाझाडाखाली जमीन काळी. मी आत्याच्या झाडाकडे पळत सुटले.

आत्याच्या झाडाखालीही काळंच होतं. पण मधोमध खाटेएवढा पाला तसाच, आणि त्याच्याभोवती झाडून मोकळा केलेला पट्टा. आत्या तिथेच बसून पाल्यातून एकेक मोहफूल निवडत होती.

"हे काऊन नाई जाळलं?" मी विचारलं.

"तू तं इथीच नाचून राह्यली होती ना. मले का समजते त्यातलं? म्हटलं, असंल काही कामाचं. पण पाल्यातून वेचता वेचता माही कंबर गेली, हे सांगून ठेवतो!"

मी तिला कडकडून मिठी मारली. या वेळी माती नेली ती उकळून घेतलेल्या काचेच्या बाटलीत.

त्या मातीत वजन करून पुरलेली प्लास्टिकची पट्टी पावसाळ्यात काढली, धुतली, वाळवली आणि काट्यावर ठेवली. हलकी भरली! पुन्हा ठेवली. हलकीच! बुरशी मरावी म्हणून भाजलेल्या मातीतली दुसरी पट्टी मात्र होती तेवढीच. सर म्हणाले, काम चालू ठेवा. मी तडक बस धरली.

आत्या बांधीत भाताचा रोवणा करत होती. मी शेताच्या धुऱ्यावरूनच ओरडले, "खाल्लं वो आत्या, खाल्लं!"

"कितीक?"

"नखाएवढं."

आत्या चिखलातून वर आली आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

"खाल्लं ना? मंग काऊन रडून राह्यली?"