नेहाबाईंना एक नंबर

गेल्या खरिपात मी माझ्याच पोरीची घरबसल्याची नोकरी एक बटण दाबून जवळजवळ घालवली.

आमची रंजू मेडशीला घरीच, मागच्या खोलीत दार लावून कॉल सेंटरचं काम करते. कोणत्या कंपनीचे फोन घेते, हे मी कधी विचारलं नाही. मला कुतूहल वेगळंच होतं. आमच्याशी दिवसभर 'काहून' आणि 'कायले' करणारी ही पोरगी आत जाऊन एवढं गोड कोणाशी बोलते? ग्राहकांनी दिलेले गुण घसरले, तर तिला पुण्याच्या ऑफिसात जाऊन बसावं लागणार होतं. तिला जायचं नव्हतं. मलाही ती घरातच हवी होती (हे मी बोललो नाही, बाप आहे).

त्या दिवशी सोयाबीनवर फवारणी करायची, तर नवाकोरा बॅटरीचा पंप बंद.

"बाबा, खालचं लाल बटन पाहा," खोलीत जाता जाता रंजू म्हणाली.

"तुले काय समजते पंपातलं?" म्हणत मी अंगणात बसून खोक्यावरचा नंबर लावला.

"नमस्कार, मी नेहा. आपली काय मदत करू?"

"मदत कायची करता बाई? अळी पानं खाऊन राह्यली अन् तुमचा पंप झोपून राह्यला."

"गैरसोयीबद्दल क्षमस्व, सर. पंपाच्या खाली लाल बटण आहे. ते दाबाल का?"

दाबलं. पंप घुरघुरायला लागला आणि मी विरघळलो.

"नेहाबाई, गाव कोणतं तुमचं?"

"सर, ती माहिती देता येत नाही."

"बरं. आमची पोरगी बी असंच काम करते. पन तुमच्यावानी समजावून सांगनं तिले जमत नाही. पाठवू काय तुमच्याकडं शिकाले?"

बाई खोकल्या. "आणखी काही मदत, सर?"

मग मशीन बोललं: सेवा कशी वाटली, एक ते पाचपैकी बटण दाबा. आता एवढ्या गुणी पोरीला पाचव्या नंबरवर कोण ढकलेल? आमच्याकडे बैल चांगला असला तर एक नंबर, भजे चांगले झाले तरी एक नंबर. मी अंगठ्याचा जोर लावून एक दाबलं.

मागचं दार उघडलं. गळ्यात हेडफोन, डोळ्यांत पाणी, रंजू उभी.

"बाबा, एक काहून दाबलं? एक म्हंजे सगळ्यात बेकार!"

मी फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "म्हंजे नेहा... तूच होय?"

"कामावरचं नाव हाय ते. सगळं रेकॉर्ड होऊन राह्यते, 'बाबा' कशी म्हनू?"

"अन् लाल बटन तिनं पयलेच सांगतलं होतं," बायको चुलीपासून म्हणाली. मी पंप बंद केला.

रंजूनं तिच्या साहेबांना ते रेकॉर्डिंग ऐकवलं. ते म्हणे पोट धरून हसले, आणि माझा एक गुण त्यांनी धरलाच नाही. पोरगी घरी राहिली. मला इतकं बरं वाटलं की 'तू गेली असती तर मले करमलं नसतं' हे मी तिला सांगूनही टाकलं. आता पुण्यात नव्याने लागलेल्या पोरापोरींना तेच रेकॉर्डिंग ऐकवतात, चिडलेला ग्राहक कसा सांभाळावा याचा धडा म्हणून.

"बाबा, तुमी एक नंबर हा," रंजू परवा म्हणाली.

गावातला एक नंबर की मशीनमधला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.