दोन रेणूंचा पडदा

एकटीपुरतं एक अंडं फोडलं, बलक वाटीत पडला आणि त्या कच्च्या वासाने मी थेट ओतूरच्या कॉलेजात जाऊन पोहोचले.

नव्वद सालानंतरची कुठलीशी दिवाळीची सुट्टी. प्रयोगशाळेत मी एकटीच. पेशीभोवती असतो तसा पडदा मला बनवायचा होता. बलकातून काढलेला स्निग्ध पदार्थ पाण्यात बुडवलेल्या पट्टीच्या टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकावर कुंचल्याने फासायचा. आधी साबणाच्या फुग्यासारखे रंग फिरतात. ते विरून सगळं काळं दिसलं की समजायचं, जमला. दोन रेणूंइतका पातळ.

एके दिवशी तो जमत आला असतानाच वडील डबा घेऊन आले. त्यांच्या जड वहाणा फरशीवर आपटल्या आणि पडदा फुटला. मी भडकले, "दादा, हळू चालता येत नाही का?"

"बरं बाई. उद्या आलो तरी आलोच न्हाई आसं समज."

दुसऱ्या दिवशी रंग विरले. काळा ठिपका टिकला! महिनाभराची खटपट; कुणाला तरी दाखवावा म्हणून मी वळले. उंबऱ्यावर डबा होता. व्हरांड्यातल्या धुळीत अनवाणी पावलं दारापर्यंत आलेली, तशीच परत गेलेली. खिडकीतून पाहिलं, तर दादा फाटकापाशी वाकून हातातल्या वहाणा पायांत घालत होते.

हाक ओठांवर आली होती. पण पडदा फुटेल म्हणून मी गप्प राहिले.

तासाभराने तो आपोआपच फुटला. तोवर दादांची एसटी निघून गेली होती.