प्रमुख पाहुण्यांची दोन मिनिटं

नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला आमच्या शेजारी एक स्वीडिश आजोबा राहायला आले. बायको गेल्यावर ते मुलीजवळ आले होते. रोज दहाच्या ठोक्याला सायकल काढायचे, म्हणून वर्षभर मी त्यांना निवृत्त पोस्टमास्तर समजत होतो. माझी माणसांची पारख ही अशी! एक दिवस कळलं, हे तर लुथरन चर्चचे बिशप होते. झालं, माझ्यातला कार्यकर्ता जागा झाला. आमच्या गणपतीला प्रमुख पाहुणे कोण, हा प्रश्न मी तिथल्या तिथे निकालात काढला.

ते आधी नाहीच म्हणाले. बायको गेल्यापासून ते चार माणसांसमोर उभे राहिले नव्हते. बोलायला गेलं की गळा दाटायचा. मग आठवड्याने स्वतःच आमची बेल वाजवली. "दोन मिनिटं बोलेन, तिच्याबद्दल. जमतंय का बघतो."

आता प्रमुख पाहुणे म्हटले की शाल, श्रीफळ आणि परिचय आलाच. परिचय माझ्याकडे. अहाहा, काय रंगलो मी! कोळ्याच्या घरातला जन्म, उत्तरेकडच्या बर्फातलं पहिलं छोटं चर्च, मतदानाने झालेली बिशपपदाची निवड, निवृत्तीच्या दिवशी गळ्यातून उतरवलेला क्रॉस... एक पायरी सोडली नाही. मध्येच माझं पुण्याचं कॉलेजही आलं. कसं आलं, देव जाणे. माझी बायको मागून घड्याळ दाखवत होती. मला वाटलं, मनगट दुखत असेल.

मग शाल, नारळ, टाळ्या. आजोबा उठले, खिशातून कागद काढला, आणि हॉल सांभाळणाऱ्या डच बाई दिवे घालवू लागल्या. पाच वाजले होते. इथे पाच म्हणजे पाच. मी एकटाच बावीस मिनिटं बोललो होतो. लोक खुर्च्या उचलायला लागले. आजोबांनी कागदाची घडी घालून परत खिशात ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर सायकलींपाशी ते शाल पांघरून, नारळ धरून उभे होते. मी आणि बायको धावत गेलो. माफी मागायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, "नको, तुम्ही आता बोलू नका."

त्यांनी नारळ माझ्या हातात दिला आणि कागद उलगडला.

"माझी बायको," त्यांनी वाचलं, "दर रविवारी पहिल्या बाकावर बसून मला घड्याळ दाखवायची."

तिथेच त्यांचा गळा दाटला. बायकोने माझा दंड घट्ट धरला. मग ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेले.