पौत्तिरम

देव मराठीत आणि दुखणं तमिळमध्ये, ही तंजावरी मराठी माणसाची रीतच आहे. त्यामुळे व्यासराजाला भगंदर झालं तरी तो शब्द त्याला ठाऊक नव्हता. घराजवळच्या वेलचेरी स्टेशनातल्या खांबाखांबावरच्या जाहिरातींत ज्याला 'पौत्तिरम' म्हणतात, तेच आपल्याला झालंय, एवढंच त्याला कळलं. पुण्याच्या चुलत बहिणीला, सुनीतीला, त्याने फोनवर तसंच सांगितलं. तिने ऐकलं 'पौत्र झाला'. आठव्या दिवशी कुरिअरने जरीच्या काठाची कुंची आली.

व्यासराज पोट धरून हसला. त्याची बायको तुळसी हसली नाही. मुलगा कार्तिकेय कॅनडात, लग्नाला नऊ वर्षं झाली, पाळणा काही हलला नव्हता.

"परत पाठवू नका," एवढंच ती म्हणाली. मग ती कुंची दर आठवड्याला धुवायला लागली आणि गच्चीवर व्यासराजाच्या पुवाने डागाळलेल्या फडक्यांशेजारी वाळत घालायला लागली. दुखतंय का, हे ती विचारीनाशी झाली. "आज तो गप्प आहे का?" असं विचारायची.

पहिल्या डॉक्टरने सांगितलं होतं, आतला बोगदा शौच धरून ठेवणाऱ्या स्नायूतून आरपार गेलाय. सबंध उघडला तर स्नायू कापला जाईल, मग ताबा राहील याची खात्री नाही. व्यासराज बँकेतला हेडक्लार्क, जन्मभर कडक सोवळ्यातला माणूस. पंगतीत डायपर बांधून बसायचं? त्यापेक्षा मेलेलं काय वाईट? भीतीने त्याने वर्षभर चालढकल केली. फोड सुकायचा आणि दोन बोटं पलीकडे उगवायचा. आत कुणीतरी कूस बदलून निजतंय, असं त्यालाही वाटायला लागलं, पण हे त्याने तुळसीला सांगितलं नाही.

शेवटी अण्णा नगरातल्या डॉक्टर मधुवंती भेटल्या, मूळच्या नागपूरच्या. त्यांनी आधी पू निचरावा म्हणून बोगद्यातून मऊ रबरी दोरा ओवला. दहा आठवडे तो तसाच ठेवला. मग म्हणाल्या, "काका, स्नायू कापायचाच नाही. दोन स्नायूंच्या मधल्या फटीतून शिरायचं, ती नळी दोन्हीकडून बांधायची आणि मध्ये कापायची."

"नाळ तशीच कापतात," तुळसी म्हणाली.

डॉक्टर हसल्या. व्यासराजाने मात्र बसल्या जागी मांड्या आवळून घेतल्या.

ऑपरेशनला कमरेत भुलीचं इंजेक्शन दिलं. तो जागा होता. आपले पाय टेबलावर सरळ पसरलेत, असं त्याला अगदी पक्कं जाणवत होतं. आणि पडद्यापलीकडे दोन पाय हवेत टांगलेले दिसत होते, केसाळ, म्हातारे. कुणाचे, ते त्याला कळेना. "बांधलं," डॉक्टर म्हणाल्या. "इकडूनही. कात्री." मग सगळं चिडीचूप झालं. त्या शांततेत आपण श्वास रोखून बाळाच्या रडण्याची वाट पाहतोय, हे लक्षात आल्यावर तो मनातून घाबरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोटात वारा फिरला, खाली आला आणि व्यासराजाने तो अडवला. पुन्हा आला, पुन्हा अडवला. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं; वर्षभर ज्याने ही भीती उराशी बाळगली, त्याला यात काय मिळालं ते त्यालाच ठाऊक.

"तुळसी, धरता येतंय गं मला!" तो लहान मुलासारखा रडायला लागला.

डॉक्टर राउंडला आल्या, त्यांनी पट्टी पाहिली. "स्नायू शाबूत आहे काका. काळजी सोडा."

तुळसी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. "आणि ते कापलेलं?" तिने विचारलं.

"तो तुकडा तपासायला लॅबमध्ये पाठवलाय. नेहमीचंच आहे ते."

"अय्यो," तुळसी म्हणाली, "त्याला एकट्यालाच पाठवलं?"